एक लॉग जवळ करा

वाचक भगिनीचे पत्र:

सप्रेम नमस्कार. मी चिंचवड परिसरात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीच्या खरेदी विभागात विश्लेषक म्हणून काम करते. शिक्षण बी. कॉम. तीन वर्षांपूर्वी कार्यालयाने मला प्रोसेस मायनिंगच्या, म्हणजे संगणकातल्या नोंदींवरून काम प्रत्यक्षात कसे चालते ते शोधण्याच्या, एका प्रकल्पावर घेतले आणि हा विषय मला मनापासून आवडला. एसएपी या व्यवहारनोंदींच्या प्रणालीमधून नोंदी काढून खरेदी आदेशापासून बिल चुकते होईपर्यंतचा नकाशा मी आता स्वतः तयार करते. मात्र या क्षेत्रात इतके काही सतत नवे येते की आपण मागे पडलो असे वाटू लागले आहे. जे दिसेल ते मी जपून ठेवते आणि वाचत काहीच नाही. मुलगी झोपल्यावर रात्री मला तासभर मिळतो. त्या वेळात काय वाचावे? दुसरे असे की, आता सगळे ‘ऑब्जेक्ट-सेंट्रिक’, म्हणजे एकच घटना अनेक वस्तूंशी जोडून नोंदवण्याच्या पद्धतीविषयी बोलतात, तर माझे जुने शिकलेले वाया गेले का? तिसरी एक शंका आहे, ती विचारायचा धीर होत नाही, कारण या विषयात बोलणारे बहुतेक लोक पीएच. डी. झालेले दिसतात. माझ्या नकाशात कितीतरी केसमध्ये (केस म्हणजे एका खरेदीचा सुरुवातीपासून शेवटपर्यंतचा प्रवास) बिल आधी आणि जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, नंतर दिसते. स्टोअर्सचे लोक म्हणतात, असे होतच नाही. चूक कोणाची समजायची?

उत्तर:

सप्रेम नमस्कार. तुमच्या तिन्ही प्रश्नांपैकी तिसरा मला सर्वांत मोलाचा वाटला आणि त्याच्याकडे मी शेवटी सविस्तर येणार आहे. आधी मागे पडल्याच्या भावनेविषयी लिहिते, कारण ती भावना मुख्यतः दोन वेगळ्या गोष्टी एकत्र मोजल्यामुळे येते असे माझे मत आहे. प्रोसेस मायनिंगमध्ये बाजाराचा वेग एक आहे आणि ज्ञानाचा वेग दुसरा आहे. बाजारात दर आठवड्याला काहीतरी जाहीर होते. ज्ञान मात्र सावकाश पुढे सरकते आणि त्याच्याबरोबर चालणे रात्रीच्या एका तासात सहज जमते.

हा सावकाशपणा किती खरा आहे ते तारखांवरूनच पाहा. कामाच्या नोंदींमधून प्रक्रियेचे चित्र आपोआप काढण्याची कल्पना १९९८ साली आयबीएममधले राकेश अग्रवाल आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी एका शोधनिबंधात मांडली होती. त्याच सुमारास नेदरलँड्समधील आइंडहोवनच्या तंत्रज्ञान विद्यापीठात विल व्हान डेर आल्स्ट यांचा गट याच दिशेने काम करत होता. नोंदींवरून नकाशा काढण्याची त्यांची पद्धत, अल्फा अल्गोरिदम, २००४ साली प्रसिद्ध झाली. २००९ साली आयईईई या अभियंत्यांच्या जागतिक संघटनेचा प्रोसेस मायनिंगसाठीचा कार्यगट स्थापन झाला आणि २०११ साली त्या गटाने या क्षेत्राचा जाहीरनामा काढला, ज्यात सहा मार्गदर्शक तत्त्वे आणि अकरा आव्हाने नोंदवलेली आहेत. नोंदी साठवण्याचे एक्सईएस हे स्वरूप २०१६ साली अधिकृत मानक झाले. तुम्ही विचारता त्या ऑब्जेक्ट-सेंट्रिक नोंदींचे ओसेल हे स्वरूप २०२० साली आले आणि त्याची दुसरी आवृत्ती २०२३ साली. पंचवीस वर्षांत खरोखर पाया बदलणाऱ्या गोष्टी इतक्याच, दोन्ही हातांच्या बोटांवर मावतील एवढ्या आहेत. अल्फाच्या काळात केसचा क्रमांक, ॲक्टिव्हिटी (कोणते काम झाले ते) आणि वेळ हे तीन रकाने लागत. आजही तुम्ही एसएपीमधून आधी तेच तीन रकाने काढता.

बाजाराची गती याच्या अगदी उलट आहे. सॉफ्टवेअर कंपन्या या विषयातल्या दुसऱ्या कंपन्या विकत घेत राहिल्या: युआयपाथने २०१९ साली प्रोसेसगोल्ड घेतले, एसएपीने २०२१ साली सिग्नाव्हिओ घेतले, त्याच वर्षी आयबीएमने मायइन्व्हेनिओ घेतले आणि पुढच्या वर्षी मायक्रोसॉफ्टने मिनिट घेतले. तुमच्या कंपनीला नवे सॉफ्टवेअर विकत घ्यायचे असेल त्या महिन्यात ही माहिती कामाची आहे. एरवी ती चुकली तरी तुमचे काही अडत नाही, म्हणून जपून ठेवलेल्यातले या जातीचे सगळे आजच काढून टाका.

आता तुमच्या तासाविषयी. माझा सल्ला असा आहे की, वाचनाने सुरुवात करू नका. ज्या लॉगवर, म्हणजे कामाच्या नोंदींच्या संचावर, जगभरच्या लोकांनी काम केले आहे असा एक लॉग घ्या आणि त्याच्यावर स्वतः काम करा. या क्षेत्रातील लोकांना एकत्र बांधणारी खरी गोष्ट म्हणजे सर्वांसाठी खुले केलेले काही इव्हेंट लॉग. २०११ सालापासून काही वर्षे बीपीआय चॅलेंज नावाच्या स्पर्धेत एखादी खरी संस्था आपल्या कामाच्या नोंदी, नावे झाकून, सर्वांपुढे ठेवत असे. पहिल्या वर्षी एका डच विद्यापीठ रुग्णालयाच्या नोंदी होत्या, २०१२ आणि २०१७ साली एका डच वित्तसंस्थेकडे आलेल्या कर्जाच्या अर्जांच्या, २०१५ साली पाच डच नगरपालिकांच्या बांधकाम परवान्यांच्या. हे लॉग फोरटीयू या डच विद्यापीठांच्या संशोधनसाठ्यात विनामूल्य मिळतात.

तुमच्यासाठी यातला २०१९ सालचा लॉग जणू मुद्दाम तयार केल्यासारखा आहे. रंग आणि लेपांच्या व्यवसायातील, नेदरलँड्समधून चालणाऱ्या एका बहुराष्ट्रीय कंपनीची ही खरेदीप्रक्रिया आहे. त्यात ७६,३४९ खरेदी आदेश आहेत, त्यांच्या मिळून २,५१,७३४ ओळी (आदेशातल्या एकेका मालाच्या नोंदी) आहेत आणि १५,९५,९२३ घटना आहेत. ॲक्टिव्हिटींचे प्रकार ४२ आणि काम करणारे ६२७, ज्यांपैकी वीस माणसे नसून आपोआप चालणारी बॅच खाती आहेत. ओळींचे चार प्रकार आहेत: बिल जीआरएननंतरच आले पाहिजे असा थ्री-वे मॅच (आदेश, जीआरएन आणि बिल या तिन्हींची जुळणी), बिल आधी आले तरी चालेल असा थ्री-वे मॅच, मालाची पावती लागतच नाही असा टू-वे मॅच आणि कन्साइनमेंट (वापरेपर्यंत माल पुरवठादाराच्याच मालकीचा). हे वाचतानाच तुमच्या लक्षात आले असेल की, तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर या चार प्रकारांत दडलेले आहे. बिल आधी येणे हा काही ओळींत नियमभंग असतो आणि काही ओळींत ठरलेली रीत असते. सगळ्या ओळी एकाच नकाशात घातल्या तर शेवयांचा गुंता तयार होतो आणि त्यातून कोणाच्याही चुकीविषयी काही म्हणता येत नाही.

हा लॉग उघडून पहिले दोन आठवडे दुसऱ्या कोणाचेही काही वाचू नका. कंपनीने स्पर्धकांना साधारण तीन गोष्टी विचारल्या होत्या: या खरेदीचे नीट वर्णन करतील असे नकाशे कोणते, बिलांना किती वेळ लागतो आणि कोणते आदेश रीतीबाहेर गेलेले दिसतात. हेच प्रश्न घेऊन तुम्ही स्वतः शोधा आणि जे दिसेल ते मराठीत वहीत लिहा. पहिल्याच दिवशी तुम्हाला असे आढळेल की काही घटनांवर १९४८ सालची तारीख आहे. पुढे असेही दिसेल की पुरवठादाराने बिल तयार केल्याच्या नोंदींवरची वेळ जणू सगळ्यांनी ठरवून लिहिल्यासारखी एकच आहे. या नोंदींचे काय करायचे, त्या काढून टाकायच्या की त्यांचा अर्थ लावायचा, हा निर्णय तुमचा तुम्हीच घ्या आणि त्याचे कारणही लिहून ठेवा.

त्यानंतर त्या वर्षीच्या स्पर्धकांचे अहवाल वाचायला घ्या. ते प्रसिद्ध झालेले आहेत. तुम्ही जिथे अडलात तिथे विद्यार्थ्यांनी काय केले, संशोधकांनी काय केले आणि सल्लागार कंपन्यांत काम करणाऱ्यांनी काय केले हे शेजारी शेजारी ठेवून पाहता येते. एकाच लॉगमधून जाणत्या माणसांनी वेगवेगळे निष्कर्ष काढलेले दिसतील आणि ते वेगळे का निघाले हे तुम्हाला कळेल, कारण त्या लॉगमधली ओळ न् ओळ तुमच्या ओळखीची झालेली असेल. मी स्वतः अशाच रीतीने शिकले. एखाद्या नवख्या व्यक्तीने मला विचारले की कोणाचे लिखाण वाचत राहू, तर माणसांची यादी देण्याआधी मी लॉग देते.

या रीतीचा दुसरा फायदा पुढच्या काळात मिळतो. नवी पद्धत शोधणारा संशोधक ती बहुतेक वेळा याच खुल्या लॉगवर तपासून दाखवतो. २०१२ आणि २०१७ सालचे कर्जाचे लॉग तर शोधनिबंधांतील तक्त्यांत पुन्हा पुन्हा भेटतात. तुमची त्यांच्याशी ओळख असली की निबंधातील गणित बाजूला ठेवूनही तुम्हाला त्याचा दावा जोखता येतो: हा लॉग मला माहीत आहे, त्यात अर्ज अर्धवट सोडणारे ग्राहक किती त्रास देतात हे मला माहीत आहे, मग ही पद्धत त्यांचे काय करते? बी. कॉम. झालेल्या विश्लेषक बाईंना पीएच. डी. झालेल्या माणसाचा निबंध याच दारातून आत शिरून वाचता येतो.

वाचनाचे वेळापत्रक यामुळे फार सोपे होते. या विषयाची स्वतंत्र आंतरराष्ट्रीय परिषद २०१९ सालापासून भरते. पहिली जर्मनीतील आखेनला झाली आणि नंतरच्या परिषदा बहुधा ऑक्टोबरच्या आसपास झाल्या आहेत. परिषद झाली की तिथल्या निबंधांची शीर्षके एका रात्री वाचा, त्यांतले आपल्या कामाशी नाते असलेले तीनच निवडा आणि प्रत्येकाचा सारांश, प्रस्तावना आणि प्रयोगाचा भाग तेवढा वाचा. मधले सिद्धांत गरज पडली तर नंतर. एवढ्याने वर्षभराचे नवे ज्ञान साधारण आठवड्याभराच्या रात्रींत हाताशी येते. उरलेल्या रात्री लॉगसाठी ठेवा. २०११ सालचा जाहीरनामा तुम्ही वाचला नसेल तर तो मात्र सर्वांत आधी वाचा. तो छोटा आहे आणि लॉगच्या दर्जाला एकपासून पाचपर्यंत तारे देण्याची त्यातली पद्धत तुमच्या एसएपीच्या नोंदींना लगेच लावून पाहता येईल. साधनांचे म्हणाल तर प्रॉम आणि पीएमफोरपाय ही दोन्ही मुक्त साधने आहेत. कंपनीचे साधन घरी वापरता येत नसेल तर यांच्यापैकी एकावर काम भागते, आणि माझ्या मते पीएमफोरपायसाठी पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा थोडी शिकण्याचा त्रास घेण्यासारखा आहे.

ऑब्जेक्ट-सेंट्रिक पद्धतीविषयी तुमच्या मनातली धास्ती मला समजते, पण ती पद्धत ज्या अडचणीतून जन्मली ती अडचण तुम्ही रोज हाताळत आला आहात. एका खरेदी आदेशात दहा ओळी आहेत, माल तीन खेपांत आला, तीन जीआरएन झाले आणि पुरवठादाराने सगळ्यांचे मिळून एकच बिल पाठवले, असे समजा. आता केस कोणती धरायची? ओळ ही केस धरली तर ते एकच बिल दहा केसमध्ये दिसते, आणि बिले किती आली हे मोजायला गेले की एकाची दहा होतात. आदेश ही केस धरली तर बिल एकदाच मोजले जाते, पण कोणत्या ओळीचा माल कोणत्या जीआरएनमध्ये आला हे नाते पुसले जाते आणि नकाशात खरे नसलेले उलटसुलट बाण उमटतात. रंग कंपनीच्या लॉगमध्ये ओळ हीच केस का धरली आहे, याचा विचार तुम्ही तो लॉग चाळताना आपोआप कराल. ऑब्जेक्ट-सेंट्रिक नोंदीत एकच केस निवडायची सक्ती नसते. एक घटना आदेश, ओळ, जीआरएन आणि बिल अशा अनेक वस्तूंशी जोडता येते, आणि २०२३ सालच्या आवृत्तीत त्या वस्तूंची आपसातली नातीही नोंदवता येतात. जुन्या पद्धतीत केस निवडताना आपण काय गमावतो हे ज्याला कळते त्यालाच नव्या पद्धतीचा उपयोग कुठे आहे हे कळते, म्हणून तुमचे शिकलेले वाया गेलेले नाही. तुमचा एखादा खरा प्रश्न एका केसमध्ये मावेनासा झाला की ती शिकायला घ्या.

एआय एजंटांचे तुम्ही विचारलेले नाही, पण ‘सतत नवे’ म्हणताना तेही तुमच्या मनात असणार. नकाशाचे ओघवते वर्णन करणारे साधन समोर आले की मी एकच कसोटी लावते: त्याने केलेल्या प्रत्येक विधानापासून मला नेमक्या केसच्या क्रमांकांपर्यंत जाता येते का. जाता येत नसेल तर ते विधान मी अहवालात घेत नाही.

आता तिसरा प्रश्न. तो लोकांपुढे मांडायला तुम्हाला धीर होत नाही, असे तुम्ही लिहिले आहे, म्हणून माझा एक अनुभव सांगते. काही वर्षांपूर्वी एका कंपनीच्या विक्रीप्रक्रियेवर काम करताना माझ्या नकाशात असे दिसले की मंजुरी मिळण्याआधीच माल रवाना होतो आहे. मी सभेत तसे सांगितले आणि रवानगी विभागावर ठपका आला. पुढे लक्षात आले की मंजुरीची वेळ भारतीय प्रमाणवेळेत नोंदली जात होती आणि रवानगीची दुसऱ्या प्रणालीत, जागतिक प्रमाणवेळेत. सकाळी अकराला मंजुरी मिळून दुपारी दोनला निघालेला माल माझ्या लॉगमध्ये साडेआठलाच निघालेला होता. साडेपाच तासांच्या त्या फरकामुळे निरपराध माणसांना बोल ऐकावे लागले, आणि मी नंतर त्यांची माफी मागितली. सभेआधी मी हा प्रश्न कोणाही जाणकारापुढे ठेवला असता तर त्याने पहिल्या मिनिटाला वेळेच्या रकान्याविषयी विचारले असते. मी विचारले नाही, कारण तुमच्यासारखाच संकोच मलाही होता. म्हणून तुम्ही विचारा. स्टोअर्सच्या लोकांचे म्हणणे तुम्ही ऐकून घेतले आणि नकाशाविषयी शंका घेतली, ही या कामातली सर्वांत आवश्यक सवय आहे आणि ती तुमच्याकडे आहे.

विचारताना मात्र काळजी घ्या. कंपनीच्या नोंदी परवानगीशिवाय बाहेर नेऊ नका. दहा-बारा केसचा एक छोटा नमुना हाताने तयार करा, ज्यात पुरवठादार, रकमा आणि आदेशांचे क्रमांक बदललेले असतील. काम करणाऱ्याच्या नावाचा रकाना पूर्ण काढून टाका. नावाऐवजी सांकेतिक क्रमांक घातला तरी रात्रपाळीला स्टोअर्समध्ये एकच माणूस असेल तर तो वेळेवरून ओळखू येतो. २०२३ सालच्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्याची बाजू तर आहेच, पण कायदा नसता तरी त्या माणसाच्या संमतीशिवाय त्याच्या कामाची वेळ चारचौघांत मांडणे मला योग्य वाटले नसते.

आता तुमच्या नकाशाविषयी. माझा अंदाज असा आहे की तुम्ही जीआरएनची वेळ म्हणून एसएपीमधील पोस्टिंगची तारीख घेतली आहे. या तारखेला तास-मिनिटे नसतात, त्यामुळे लॉगमध्ये ती रात्रीचे बारा म्हणून बसते. शिवाय ती नोंद करणाऱ्याला मागेपुढे करता येते आणि महिनाअखेरीस ती केली जाते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. एकच दिवस असलेल्या दोन घटनांचा क्रम मग साधन आपल्या मनाने लावते. खरेदी आदेशाच्या इतिहासाचा ईकेबीई हा तक्ता पुन्हा उघडा. त्यात पोस्टिंगच्या तारखेशिवाय नोंद प्रत्यक्ष केल्याची तारीख सीपीयूडीटी या रकान्यात आणि वेळ सीपीयूटीएम या रकान्यात असते. जीआरएन आणि बिल या दोन्हींसाठी हेच रकाने वापरून नकाशा पुन्हा काढा, आणि काढण्याआधी बिल आधी चालेल अशा ओळी वेगळ्या करा. उलट्या केस बऱ्याच कमी होतील असे मला वाटते.

ज्या उरतील त्यांच्यासाठी संगणकासमोरून उठावे लागेल. सीपीयूटीएम ही स्टोअर्समधील माणसाने नोंद टंकल्याची वेळ आहे, गाडी आल्याची नव्हे. माल सकाळी उतरला, तपासणीत अडकला आणि जीआरएन संध्याकाळी झाले, तर तोवर बिल लेखा विभागात नोंदले गेलेले असू शकते. अशा वेळी स्टोअर्सचे म्हणणेही खरे असते आणि तुमचा लॉगही. गाडी आल्याची वेळ गेटवरच्या सुरक्षारक्षकाच्या इनवर्ड रजिस्टरमध्ये असते. उरलेल्या केसपैकी वीस निवडा, रजिस्टर मागून घ्या आणि मालासोबत आलेल्या डिलिव्हरी चलनाच्या क्रमांकावरून प्रत्येक गाडीची आत आल्याची वेळ, जीआरएनची वेळ आणि बिलाची वेळ एका कागदावर मांडा. तो कागद आधी स्टोअर्सच्या प्रमुखांना दाखवा. त्यांनी हरकत घेतली नाही तर नावे आणि क्रमांक बदललेला तोच कागद तुमच्या शंकेसोबत जाणकारांपुढे ठेवा. काय निघाले ते मलाही अवश्य कळवा.